कातकऱ्याचे वर्ष : पनवेल परिसरातील एका वनव्यवसायाचा इतिहास

व्यवसायावरून जातीला नाव मिळणे ही महाराष्ट्रात नित्याची गोष्ट होय. सुतार, लोहार, कुंभार, तेली ही नावे ऐकताच त्या त्या माणसाचे हत्यार आणि त्याचा माल डोळ्यांपुढे येतो. रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत पसरलेल्या कातकरी समाजाचे नावही याच वर्गातील आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. परंतु आज पनवेलच्या बाजारात कातकरी स्त्री दिसते ती रानभाजीच्या टोपलीजवळ किंवा लाकडाच्या मोळीखाली, आणि कातकरी पुरुष दिसतो तो वीटभट्टीवर. कात काढताना मात्र तो कोणाच्या दृष्टीस पडत नाही. ज्या कामाने नाव दिले ते काम गेले आणि नाव तेवढे राहिले. हे कसे घडले आणि व्यवसायाबरोबर या समाजाच्या जीवनातील आणखी काय गेले व काय टिकले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. नावाचा विचार

‘कात’ या शब्दाचे मूळ संस्कृत ‘क्वाथ’ म्हणजे काढा या शब्दाशी जोडले जाते, आणि कात करण्याची रीत पाहता ते यथार्थ वाटते. कारण कात हा खैराच्या गाभ्याचा आटवलेला काढाच होय. ‘काथोडी’ हे दुसरे रूप उत्तरेकडे, विशेषतः ठाण्याच्या उत्तर भागापासून गुजरात व राजस्थानपर्यंत आढळते. राजस्थानातील उदयपूरच्या बाजूस जे कथोडी राहतात त्यांचे पूर्वज महाराष्ट्राकडून कात काढण्याच्या कामासाठीच तिकडे गेले. अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी, कातकरी, ढोर काथोडी, ढोर कातकरी, सोन काथोडी आणि सोन कातकरी अशी सहा नावे एकाच नोंदीखाली दिलेली आहेत.

‘करी’ हा प्रत्यय थोडा अधिक न्याहाळून पाहण्यासारखा आहे. ‘शेतकरी’, ‘कामकरी’ या शब्दांत तो ‘करणारा’ या अर्थी येतो. पण ‘गावकरी’ म्हणजे गाव करणारा नव्हे, तर गावाशी ज्याचा संबंध आहे तो. आणि ‘मानकरी’ म्हणजे मानावर ज्याचा हक्क आहे तो. अशा रीतीने या प्रत्ययात काम, नाते आणि हक्क असे तीन अर्थ एकत्र नांदतात. ‘कातकरी’ या शब्दाकडेही या तिन्ही अर्थांनी पाहता येते. कात हे त्याचे काम होते, खैराच्या रानाशी त्याचे नाते होते, आणि त्या रानात हंगामापुरते जाऊन राहण्याची त्याची वहिवाट होती. पुढील इतिहास पाहता प्रथम वहिवाट गेली, तिच्यामागून काम गेले, आणि नाते तेवढे क्षीण रूपात उरले असे दिसून येते.

कातकऱ्यांच्या बोलीचा विचार ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) केलेला आहे. कोकणातील मराठीच्या रूपांत तिची गणना केली असली तरी पूर्वी या लोकांची भाषा भिलीच्या जवळची असावी, असा कयास तेथे दिसतो. शेजारच्या आगरी, कुणबी आणि ठाकूर समाजांशी रोजचा व्यवहार, बाजारची मराठी आणि अलीकडे शाळेची मराठी या तिहेरी दाबाखाली ही बोली उत्तरोत्तर प्रमाण मराठीकडे झुकत आली आहे. बोली झुकते तेव्हा प्रथम व्यवसायाचे शब्द झडतात. कारण जे काम होत नाही त्याच्या हत्यारांची नावे पुढच्या पिढीला लागत नाहीत.

२. पनवेलचा परिसर

पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात गेला, आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. यामुळे या भागातील कातकऱ्यांची जुनी वर्णने शोधणाऱ्यास जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई गॅझेटियरचा ठाणे जिल्ह्याचा खंड (१८८२) प्रथम पाहावा लागतो. विसाव्या शतकात अ. ना. वेलिंग यांचा कातकऱ्यांवरील इंग्रजी समाजशास्त्रीय ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला.

पश्चिमेस खाडी, भातखाचरे आणि मिठागरे, व पूर्वेस प्रबळगड, माथेरान आणि दक्षिणेस कर्नाळा यांच्या वनाच्छादित डोंगररांगा, अशी या तालुक्याची रचना आहे. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झाल्यावर मुंबई-पुणे वाहतुकीतील बंदर म्हणून पनवेलचे महत्त्व वाढले. बैलगाडीच्या चाकांसाठी हे गाव प्रसिद्ध होते, आणि घाटावरचे गाडीवान परत जाताना येथून चाके घेऊन जात. इमारती लाकूड, सरपण, कोळसा आणि चाके असे रानातले बरेच काही या बाजारातून बाहेर जाई. बाजार आणि रान यांच्यामध्ये जी माणसे उभी होती त्यांत कातकरी सर्वांत खालच्या पायरीवर होते. विड्यात कात नसेल तर तो रंगत नाही, आणि विड्यावाचून मंगलकार्य पुरे होत नाही. पण त्या मंगलकार्याच्या मांडवात कात काढणाऱ्याला जागा नव्हती.

३. काताचा हंगाम

कातकऱ्याचे वर्ष दोन भागांत विभागलेले होते. पावसाळ्याचे चार महिने वाडीवर आणि दिवाळीच्या सुमारापासून पुढचे महिने रानात. पाऊस सरला, भातकापणीची मजुरी संपत आली, की कुटुंबेच्या कुटुंबे खैराच्या रानाकडे निघत. सोयीची आणि पाण्याजवळची जागा पाहून तेथे झोपड्या उभारल्या जात. काम सुरू करण्यापूर्वी एका खैराच्या झाडास शेंदूर लावून, नारळ वाहून व धूप जाळून त्याची पूजा करीत आणि कामात यश मागत, असे जुन्या वर्णनांत सांगितले आहे. ज्या झाडाचा घात करावयाचा त्याचीच प्रथम अनुज्ञा घ्यावयाची, अशी यामागील भावना दिसते.

मग तोड सुरू होई. झाड पाडून त्याची साल आणि बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकीत. उपयोग होई तो आतल्या तांबड्या गाभ्याचा. कुऱ्हाडीने त्या गाभ्याच्या बारीक ढलप्या पाडीत. चुलाणावर मातीची मडकी रांगेने मांडून त्यांत ढलप्या पाण्याबरोबर उकळीत. पाण्याला तांबडा रंग आला की ते गाळून घेऊन पुन्हा आटवीत, आणि पाकासारखे दाट झाल्यावर निववून त्याच्या वड्या पाडून सावलीत वाळवीत. तोडणे व ढलप्या पाडणे हे बहुधा पुरुषांचे काम असे आणि उकळणे, गाळणे व आटवणे यांत स्त्रियांचा वाटा मोठा असे.

या कृतीत दिसावयास साधे पण आचरावयास कठीण असे ज्ञान साठलेले होते. कोणत्या झाडाचा गाभा भरला आहे, काढा केव्हा उतरवावा, केव्हा तो करपेल, हे सर्व डोळ्याने आणि नाकाने ओळखावे लागे. कच्च्या झाडातून कात थोडा निघतो, म्हणून झाड निवडण्यातच अर्धे कौशल्य होते. वड्या व्यापाऱ्याकडे जात, आणि मोबदल्यात धान्य, मीठ, कापड व थोडे रोख मिळे. व्यापाऱ्याचे देणे बहुतेक प्रसंगी आधीच डोक्यावर असे. तेव्हा या व्यवसायाच्या काळात कातकरी सुखी आणि स्वतंत्र होता असे चित्र रंगवणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र झाडाची निवड, कामाची गती आणि मुक्कामाची जागा या तीन गोष्टी त्याच्या हाती होत्या, एवढे निश्चित म्हणता येईल.

४. वाडीवरचे जीवन

वाडी म्हणजे पाच-पन्नास झोपड्यांचा समूह, बहुधा गावाबाहेर, ओढ्याकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी. झोपडीच्या भिंती कारवीच्या कुडाच्या असत व त्यावर शेणामातीचा लेप. छप्पर गवताचे किंवा पेंढ्याचे. कारवी ही सह्याद्रीच्या उतारावर विपुल वाढणारी झुडुपे, सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी. तिच्या काठ्या सरळ, हलक्या आणि फुकट मिळणाऱ्या असल्याने सह्याद्रीच्या कुशीतील गरिबांची घरे त्यांवर उभी राहिली.

पावसाळ्यात वाडीचे अन्न रानातून व पाण्यातून येई. पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवतात. त्यांची खाज मारण्यासाठी काकड नावाच्या झाडाची आंबट फळे त्यांत घालावी लागतात. त्यामागून टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोली अशा भाज्या येतात. कडू कंद उकडून, राखेत मुरवून व वाहत्या पाण्यात धुऊन त्यांचा कडूपणा घालवतात. ओढ्यातले खेकडे हाताने धरणे, बांबूच्या कामट्यांचे निमुळते सापळे प्रवाहाच्या तोंडाशी लावून मासे पकडणे, भातखाचरांच्या बांधातील उंदरांची बिळे उकरून उंदीर आणि त्यांनी साठवलेले धान्य दोन्ही मिळवणे, मध काढणे, ही कामे मुलेसुद्धा लहानपणापासून शिकत. उंदीर खाण्यावरून या समाजाची शेजाऱ्यांनी पुष्कळ हेटाळणी केली. पण बिळातले दाणे काढून नेणारा कातकरी आणि पिकाचा नाश करणारा उंदीर यांत शेतकऱ्याचा शत्रू कोणता, हा प्रश्न हेटाळणी करणाऱ्यांनी स्वतःस विचारला नाही.

हस्तकौशल्याच्या वस्तू म्हणून वेगळ्या काढता येतील अशा वस्तू या समाजाजवळ थोड्या. जे हाताने बनवले ते वापरासाठीच. धनुष्यबाण, गलोल, पाखरांसाठी फासे, मासे धरण्याचे सापळे, मध ठेवण्याची व पाणी नेण्याची भोपळ्याची भांडी आणि पावसात पाठीवर घ्यावयाचे पानांचे इरले, एवढ्यात संसार आटोपे. ज्याला वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवावयाचे त्याने जड वस्तू का कराव्यात? हलकेपणा हाच येथील कारागिरीचा पहिला नियम होता. मडकी कुंभाराकडून, कुऱ्हाड-कोयता लोहाराकडून आणि कापड बाजारातून येई. तेव्हा कातकरी समाज जगापासून तुटलेला होता ही समजूत निराधार ठरते. तो बाजाराशी बांधलेला होता. फक्त बाजारात त्याचा शब्द चालत नव्हता.

५. श्रद्धा आणि पोटभेद

आपण रामाला साहाय्य करणाऱ्या वानरांचे वंशज आहोत, अशी कातकऱ्यांची परंपरागत समजूत ब्रिटिश काळातील वर्णनांत नोंदलेली आहे. तांबड्या तोंडाच्या माकडात माणसाचा आत्मा असतो म्हणून ते मारीत व खात नसत, काळ्या तोंडाच्या वानराची शिकार मात्र करीत, असेही तेथे म्हटले आहे. रानात वावरणाऱ्यास वाघाचे भय मोठे. म्हणून वाघ्या किंवा वाघदेव याची पूजा होई. म्हसोबा, चेडा यांसारखी स्थानदैवते वाडीच्या शिवेवर असत. आजार आला, मूल दगावले, शिकार मिळेनाशी झाली, तर कारण शोधण्यासाठी भगताकडे जात. सणांत शिमगा सर्वांत मोठा.

जुन्या नोंदींत अथावर, ढोर, सिधी, सोन आणि वरप असे पाच पोटभेद दिले आहेत; पुढे व्यवहारात सोन आणि ढोर हे दोनच प्रमुख राहिले. गोमांस खाणारे ते ढोर आणि न खाणारे ते सोन, असा भेद सांगितला जातो. स्वतः सर्वांच्या खाली ढकलल्या गेलेल्या समाजातही शुद्धाशुद्धतेची उतरंड शिरली, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

६. कायद्याचे रान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रानाची व्याख्याच बदलली. १८६५ च्या आणि त्याहून कडक अशा १८७८ च्या वनकायद्याने जंगलाचे मोठे पट्टे राखीव व संरक्षित ठरले. झाड तोडणे, राबासाठी फांद्या छाटणे, गुरे चारणे, वनोपज नेणे ही जी पूर्वी वहिवाट होती ती यापुढे सरकारच्या परवानगीची बाब झाली. पूर्वी अनुज्ञा झाडाजवळ मागितली जाई. आता ती वनखात्याच्या कामगाराजवळ मागावी लागे. १८७८ च्याच आबकारी कायद्याने घरगुती दारू गाळणे बंद झाले, आणि १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे व कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले.

या भागातील असंतोष इतका वाढला की ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी १८८५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा प्रश्न त्यात अग्रभागी होता. कारण राब हा खातेदार शेतकऱ्यांचा प्रश्न होता आणि त्यांची बाजू मांडणारे लोक होते. ज्याच्याजवळ जमीन नाही आणि अर्ज लिहिणारा नाही, त्याची बाजू कागदावर क्षीणच राहिली. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी वनखात्याने ठाकूर व कातकरी गटांना दळी जमिनी दिल्या खऱ्या, पण त्यांवर मालकी दिली नाही.

स्वातंत्र्यलढ्यात जंगलाचा प्रश्न पुन्हा उसळून आला. पनवेलजवळच्या उरण भागात चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला आणि तेथे गोळीबार झाला. त्यातील हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी याचे नाव आहे. ज्या समाजाची नोंद सरकारी कागदांत बहुधा संशयित म्हणून होई, त्याचे नाव हुतात्म्यांच्या स्तंभावर कोरले गेले, ही घटना या इतिहासात लक्षणीय होय.

७. तीन भट्ट्या

कात काढणे हळूहळू बंद पडले. खैर राखीव झाला, आणि कात मोठ्या प्रमाणावर तयार करणारे कारखाने व ठेकेदार पुढे आले. तथापि कातकऱ्याचे वर्ष मोडले नाही. दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावयाचे आणि पावसाच्या तोंडाशी परतावयाचे, हा क्रम तसाच राहिला. काताच्या भट्टीच्या जागी कोळशाची भट्टी आली. ठेकेदारांनी कातकरी कुटुंबांना दूरदूरच्या जिल्ह्यांत कोळसा पाडण्यासाठी नेले. मुंबई, ठाणे आणि पनवेल यांची बांधकामे वाढली तेव्हा तिसरी, विटांची भट्टी आली. ‘भट्टी’ हा शब्द तिन्ही कामांत कायम राहिला, पण त्याचा आशय पालटला. पहिल्या भट्टीवर झाडाची निवड आणि कामाची गती कुटुंबाची होती. दुसऱ्या व तिसऱ्या भट्टीवर पावसाळ्यातल्या उपासाच्या दिवसांत दिलेली आगाऊ उचल माणसाला बांधून घेते आणि हंगामाच्या शेवटी हिशेब मालक करतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली. उचलीची रीत मात्र उरली. मुले आईबापांबरोबर भट्टीवर जातात आणि शाळेचे अर्धे वर्ष बुडते. थोडक्यात, ऋतुचक्र तेच राहिले आणि त्यावरील स्वामित्व बदलले.

याला तुलनेसाठी युरोपच्या उत्तर टोकाचे एक उदाहरण उपयोगी पडेल. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया यांत विभागलेला सामी समाज रेनडिअर पाळून, मासेमारी करून व शिकारीवर जगत आला. त्यांच्यातील कळपवाल्यांचे वर्षही दोन ठिकाणी वाटलेले असे, हिवाळ्यात आतल्या रानात आणि उन्हाळ्यात समुद्राकडे. त्यांनाही शेजाऱ्यांनी ‘लॅप’ हे नाव दिले होते, जे आज अपमानकारक मानले जाते. १७५१ मध्ये दोन राज्यांची सीमा आखताना त्यांच्या कळपांचा सीमेपलीकडे जाण्याचा हक्क तहाला जोडलेल्या लेखात मान्य केला गेला. १८५२ मध्ये नॉर्वे-फिनलंड सीमा बंद झाली, आणि त्या भागातील कुटुंबांचा ऋतुक्रम एका हुकुमाने तुटला. पुढे संघर्षानंतर नॉर्वेत १९८९ मध्ये सामी संसद स्थापन झाली. दोन्ही समाजांची परिस्थिती एक नव्हे. सामींजवळ कळप ही मालमत्ता होती, कातकऱ्याजवळ तसे काही नव्हते. पण या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. फिरस्त्या समाजाचा खरा ठेवा म्हणजे त्याचा ऋतुक्रम होय, आणि कायद्याने तो ओळखला तर समाज टिकतो, न ओळखला तर दुसरा कोणी तो आपल्या कामी लावतो.

८. आजची स्थिती

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील या जमातीची संख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. देशातील ७५ विशेष असुरक्षित आदिवासी गटांत तिचा समावेश आहे. महाराष्ट्रातील असे इतर गट म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. कर्नाळ्याचे रान १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या कायद्याने शिकारीस बंदी आली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईच्या आखणीत नवीन पनवेलची वसाहत उभी राहिली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जवळच नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. या बांधकामांच्या विटा कोणी थापल्या याची नोंद कोठेही राहत नाही.

रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी वाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत तिच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव आहे. पूर्वी जमीनदाराला शेतावर मजूर जवळ हवा असे, म्हणून त्याने वाडी बसू दिली. आता जमिनीस शहराचा भाव आल्याने तीच वाडी अडचण ठरते. २००६ च्या वनहक्क कायद्यात अशा गटांच्या अधिवासाचा हक्क स्वतंत्रपणे मान्य केला आहे, आणि २०२३ मध्ये त्यांच्यासाठी केंद्राची स्वतंत्र योजनाही सुरू झाली. परंतु हक्क सिद्ध करण्यासाठी वहिवाटीचा पुरावा लागतो. ज्याची वहिवाट काढ्याच्या वाफेत, कारवीच्या कुडात आणि तोंडच्या शब्दांत होती, त्याचा पुरावा कागदावर थोडाच सापडणार.

येथेच भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. कोणत्या डोंगरावर काताची चुलाणे होती, रानातील कोणत्या जागेला वाडीवर काय म्हणतात, कोणत्या ओढ्याला कोणत्या देवाचे नाव आहे, हे वृद्ध माणसांकडून त्यांच्याच बोलीत टिपून ठेवले तर ती केवळ शब्दांची यादी राहणार नाही. रानाशी असलेल्या संबंधाची ती साक्ष होईल, आणि अधिवासाचा दावा मांडताना ती उपयोगी पडेल. ‘मानकरी’ या शब्दात जसा हक्क दडलेला आहे तसाच तो ‘कातकरी’ या शब्दातही होता. तो पुन्हा वाचता येईल अशी साधने गोळा करण्यास अद्याप अवधी आहे, पण तो फार नाही.